फर्नां पिनेटचं टेकाडावरचं घर

एडमंटन,
१४ ऑक्टोबर १९८४

ती. ओदीलमावशीस,
मारिएलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मेपलच्या साखरेचा डबा, दोन्ही पोचले. डबा आईने वरच्या फळीवर ठेवलाय, माझ्यापासून लपवून. मी पंचविशीला आले, शाळेची बस चालवते, एका नजरेत पोरांची तोंडं बंद करते, पण आईच्या लेखी मी अजून साखरचोरच.

आता कामाचं. आई तुमच्याकडचं साप्ताहिक अजून टपालाने मागवते. वाचते आणि काही न बोलता चुलीत घालते. गेल्या आठवड्यात मात्र एका पानावर थबकली. जाहिरात होती: आँस-ओ-फ्रेनला, चर्चच्या मागे टेकाडावर, दुमजली घर, नदीकडे व्हरांडा, मागे सफरचंदाची झाडं. अकरा वर्षांत तिने गावाचं नाव काढलं नव्हतं. मी विचारलं, जायचं का परत? तर म्हणाली, पाण्याच्या वर असेल तर.

मावशी, मला ते घर घ्यायचंय. पण डोळे मिटून नाही. नदीकाठचं घर आपण डोळे मिटून घेतलं. म्हणजे आईने विकणाऱ्याला तोंडावर विचारलं होतं, तळघरात पाणी येतं का, आणि तो हसून नाही म्हणाला, तेवढ्यावर आपण विश्वास ठेवला. पुढच्याच वसंतात बर्फ वितळलं, तळघर भरलं, बाबा घर तापवायची भट्टी बंद करायला खाली उतरले आणि पाण्यात वीज उतरलेली होती. तळघराचं दार आईने उघडलं तेव्हा मी तिच्या मागे उभी होते.

म्हणून तू बघ. घर कोणी बांधलं, कोण राहून गेलं आणि का गेलं. पाया, छप्पर, विहीर, सगळं. लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून पोटातलं काढून घेणं तुझ्याइतकं कोणाला जमतं? फोन मात्र करू नकोस. तुमची फोनची तार अजून चार घरांत वाटलेली आहे. तू शिंकलीस तरी मादाम ऊलेत पलीकडून आशीर्वाद देते.

गुडघ्याला जप. माझ्यावर माया आहे ती राहू दे.

तुझी
मारिएल

*

आँस-ओ-फ्रेन,
२६ ऑक्टोबर १९८४

चि. मारिएल हिस,
ओदीलमावशीचे अनेक आशीर्वाद.

आधी खुर्चीवर बस. आणि हे पत्र तुझ्या आईच्या, ब्लांशच्या हाती लागू देऊ नकोस.

ते घर फर्नां पिनेटचं आहे.

हो, तोच. तुमच्या गळ्यात नदीकाठचं घर मारणारा. तुम्ही पश्चिमेकडे निघून गेलात तेव्हा तू लहान होतीस, म्हणून पुढचं तुला कोणी सांगितलं नसेल. तुझ्या बाबांना, ऑक्ताव्हला पुरून आठवडा झाला नाही तोच हा माणूस लोकांना सांगत फिरायला लागला, की बिचाऱ्या ऑक्ताव्हने तळघराच्या मोरीवरचं झाकण काढलं नाही, म्हणून पाणी साचलं. घराचा दोष नाही, माणसाचा हलगर्जीपणा. आणि गावाने ते मानलं, पोरी. मानणं सोपं होतं. न मानावं तर त्याच्याशी भांडावं लागलं असतं, आणि त्याच्या लाकडाच्या गिरणीत अर्धं गाव कामाला होतं. मी भांडले. तर आधी तो आणि मग सगळेच म्हणाले, ओदीलचं काय, मेहुणा गेलाय तिचा, डोकं ठिकाणावर नाही.

मग त्याने टेकाडावरचं हे घर घेतलं, चर्चच्या पंचमंडळात जाऊन बसला, आणि आता म्हणे गुडघे दुखतात म्हणून बायकोला घेऊन फ्लोरिडाला राहायला जाणार. माझे गुडघे दुखतात, मी कुठे जाते?

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा ते चुरगाळलं. मग सरळ केलं. विचार केला, माणूस घर विकायला काढतो तेव्हा त्याला दार उघडावंच लागतं. जो येईल त्याला आत घ्यावं लागतं, कपाटं दाखवावी लागतात. अकरा वर्षं त्या माणसाने मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. आता माझ्यामागे कोणी गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर तो मला कॉफी पाजेल.

सांग, जाऊ?

तुझं प्रेम मला कायम हवं आहे, हे काय लिहायला हवं?

तुझी
ओदीलमावशी

*

एडमंटन,
४ नोव्हेंबर १९८४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

जा.

हा एकच शब्द लिहून पाकीट बंद करणार होते. पण तू म्हणशील, पोरगी पश्चिमेला जाऊन रीतभात विसरली.

मोरीचं मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. काल सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, झाकण उघडंच होतं, मी स्वतः पाहिलं होतं, पण माझं कोण ऐकणार होतं? आणि सोलत राहिली. बाबा हलगर्जी नव्हते, मावशी. रात्री निजताना तीन वेळा दाराची कडी बघणारा माणूस होता तो.

आता मला घर नको आहे. मला त्या घराच्या पोटात काय आहे ते हवंय. इतकी वर्षं खोटं बोलून जो माणूस उजळ माथ्याने फिरला तो घर सोडून पळतोय, तर गुडघ्यासाठी नाही. काहीतरी आहे. ते शोध. मग ते भर गावात त्याच्या तोंडून वदवून घेऊ. त्याने आईला मुकी केलं. मी त्याला बोलायला लावणार आहे, आणि त्याला ते बोलताना घाम फुटलेला मला हवा आहे.

बर्फ पडायच्या आत जा. एकदा सगळं पांढरं झालं की जमीन काही सांगत नाही.

माझ्या रागावर रागावू नकोस. लोभ वाढता ठेव.

तुझी
मारिएल

*

आँस-ओ-फ्रेन,
१९ नोव्हेंबर १९८४

चि. मारिएलला अनेक आशीर्वाद.

गेले होते. दोनदा.

पहिल्या वेळी फर्नां स्वतः होता. मला बघून आधी त्याचा जबडा आवळला, पण भाचीला घर हवंय म्हटल्यावर असा गोड झाला की मी मोलॅसिसच्या काकवीशिवाय प्लॉयची धिरडी खाल्ली असती. कोणती भाची ते मी सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याकडून मला सहा आहेत. त्याने मला छप्पर दाखवलं, ओकच्या फळ्या दाखवल्या, नवी भट्टी दाखवली. मी विचारलं, पाया कसा आहे? म्हणाला, ओदील, पाया म्हणजे चर्चसारखा. मी तळघरात उतरले. मागची भिंत नुकती रंगवलेली, रंगाचा वास अजून नाकात जात होता. फक्त तीच एक भिंत. आपण पाहुणे येणार म्हणून चेहऱ्याचा एकच गाल पुसतो का?

त्याच्या बायकोसाठी, लोरेतसाठी संत्र्यांची पिशवी नेली होती. त्यातलं एक स्वयंपाकघरात माझ्या हातून पडलं. पडलं म्हणजे, तुला कळलंच असेल. ते गडगडत मागच्या भिंतीला जाऊन टेकलं. दुसरं पडलं, तेही तिकडेच गेलं. फर्नां हसून म्हणाला, जुन्या घरांना असतं असं. मी म्हटलं, असतं हो, माणसांनाही असतं.

मग मी गावात फिरले. नळवाला म्हणाला, त्यांच्या परसातला पाण्याचा नळ दोन हिवाळे एकाच जागी तुटला. फर्नां म्हणतो थंडीने फुटला, पण फुटलेला नव्हता, कोणीतरी दोन्हीकडून ओढल्यासारखा निसटला होता. पलीकडच्या शेतावरचा म्हातारा, आपला दोनात, म्हणाला, पिनेटांचं कुंपण मी सरळ ओळीत ठोकलं होतं, आता बघा. मी बघितलं. धनुष्यासारखं वाकलंय, नदीच्या बाजूला. सफरचंदाची झाडं दारू प्यायल्यासारखी एकीकडे कललीत. मारिएल, पाणी नाहीच तिथे. ते टेकाड अख्खं चिकणमातीचं आहे, आणि ते हळूहळू नदीकडे चाललंय. घर घेऊन.

दुसऱ्यांदा मी मुद्दाम फर्नां गिरणीत असताना गेले. लोरेत एकटी होती. तुला ती आठवत नसेल. बारीक, गप्प, नवऱ्याच्या एक पाऊल मागे चालणारी. मी काही विचारलंसुद्धा नाही. तिने कॉफी ओतली आणि एकदम म्हणाली, की ओदील, तुझ्या भाचीला हे घर घेऊ देऊ नकोस. म्हणाली, मी दोन वर्षं पुढच्या खोलीत निजते, पायांत बूट घालून. म्हणाली, रात्री घर बोलतं.

मी तिला म्हटलं, मग तू बोल. तर म्हणाली, मी बोलले तर तो मला मारणार नाही, तसला नाही तो. तो फक्त माझ्याकडे बघणं बंद करेल. तुला माहीत नाही ते कसं असतं.

मी फर्नांला बुडवायला गेले होते. ही बाई त्याच नावेत बसलीय, हे माझ्या लक्षात नव्हतं आलं.

तू काय म्हणतेस ते कळव, आणि आईच्या खोकल्याचंही कळव. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी
ओदीलमावशी

*

एडमंटन,
१ डिसेंबर १९८४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आईचा खोकला बरा आहे.

मी म्हणते, कोणाला काही सांगू नकोस. राहू दे त्याला तिथे. त्याने आम्हाला घर दिलं तसं त्याला त्याचं घर लखलाभ. बर्फ वितळेल तेव्हा बघू त्याचा चर्चसारखा पाया. मला रात्री झोपताना हेच दिसतं आणि छान झोप लागते.

लोरेतचं वाईट वाटतं. पण त्या दिवशी आई बाहेर अंगणात बसून राहिली होती तेव्हा लोरेत कुठे होती? दोन घरं टाकून तर राहायची. पाण्याचं तिलाही माहीतच असणार.

हे वाचून तुला मी आवडेनाशी होईन कदाचित. तरी लोभ कमी करू नकोस, मला तो लागतो.

तुझी
मारिएल

*

आँस-ओ-फ्रेन,
११ मार्च १९८५

चि. मारिएलला अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही कारण भांडायचं नव्हतं. तू मला आवडेनाशी झाली नाहीस. तू माझीच भाची आहेस, म्हणून तर भीती वाटली. तुझं पत्र वाचून मीही पहिल्यांदा म्हटलं होतं, बरोबर आहे पोरीचं.

पण जानेवारीत शाळेतला नवा मास्तर, रॉस्लँ, ते घर बघायला गेला. बायको पोटुशी. तिने मागची खोली बाळासाठी पसंत केली. मागची, मारिएल. ती मुलगी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते, आणि मला तिच्या मानेवरचे बारीक केस दिसतात. मला तुझ्या आईची मान दिसली. तेव्हा गप्प बसणं संपलं. पण गुपचूप जाऊन तिच्या कानात सांगायलाही मी तयार नव्हते. मला फर्नां भर गावात हवा होता. तुलाही तसाच हवा होता, आठवतंय ना?

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, लेंटच्या दर शुक्रवारी, चर्चच्या सभागृहात सगळ्यांचं जेवण असतं. वाटाण्याचं सूप, मासे, प्लॉय. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी सगळे होते. मास्तर आणि त्याची बायको फर्नांच्या शेजारी, कारण सोमवारी कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. मी सूप वाढत होते. पळी हातात तशीच धरून मी उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, की फर्नां, माझ्या बहिणीने तुला एकदा एक प्रश्न विचारला होता, आज मी विचारते: हे घर या पोरीला घ्यायला चांगलं आहे का?

चमचेसुद्धा थांबले. फर्नां हसला, अगदी तसाच हसला, आणि म्हणाला, अहो, मी स्वतः राहतो तिथे, माझी बायको राहते, वाईट असतं तर राहिलो असतो का? विचारा लोरेतला.

तो असं म्हणाला. स्वतःहून म्हणाला. मी त्याच्यासाठी इतके सापळे मनात रचले होते, त्यातला एकही इतका चांगला नव्हता.

लोरेत उठली. रुमालाने तोंड पुसलं. मास्तरच्या बायकोकडे बघत म्हणाली, बाळा, घेऊ नकोस, जमीन सरकतेय. मग सगळं सांगितलं, बूट घालून निजण्यापासून रंगवलेल्या भिंतीपर्यंत. भिंतीतल्या भेगेत आपली मूठ जात होती, म्हणाली. फर्नां तिच्याकडे बघत नव्हता. सुपाच्या वाटीत बघत होता. म्हाताऱ्या दोनातने विचारलं, फर्नां, खरं का? आणि तो म्हणाला, बायकोची तब्येत बरी नाही.

त्यावर मादाम ऊलेत, जिने आयुष्यात फोनवर ऐकण्यापलीकडे काही केलं नाही, ती म्हणाली, मागच्या वेळी तू ओदीलचंही डोकं बिघडलंय म्हणाला होतास. फर्नां, तुझ्या आसपासच्या सगळ्या बायका वेड्याच कशा होतात रे? लोक हसले. मोठ्याने हसले. मारिएल, ते हसू तुला डब्यात भरून पाठवता आलं असतं तर पाठवलं असतं.

लोरेत त्या दिवसापासून माझ्या वरच्या खोलीत आहे. सरकारचा इंजिनियर येऊन गेला आणि दारावर धोक्याची पाटी लावून गेला. फर्नां पाटी काढून आत जाऊन बसलाय. म्हणतो, मी गेलो तर तुमचं खरं ठरेल.

तू मागितलंस त्यातलं अर्धं झालं. मोरीचं राहिलंय.

माझी आठवण काढतेस तेव्हा उचकी लागते, तेवढी लागत राहू दे.

तुझी
ओदीलमावशी

*

आँस-ओ-फ्रेन,
२४ एप्रिल १९८५

चि. मारिएलला अनेक आशीर्वाद.

हे पत्र ब्लांशला मोठ्याने वाचून दाखव. आता तिला सगळं सांग.

गेल्या आठवड्यात मंगळवारी बर्फावर पाऊस पडला. बुधवारी सकाळी लोरेत माझ्या खिडकीशी उभी होती, तिथून टेकाड दिसतं. म्हणाली, कपडे वाळत घालायचा खांब दिसत नाही. आम्ही गेलो. आगीच्या बंबावरचे लोक आधीच रस्त्यावर जमले होते. फर्नांने आतून कडी घातली होती आणि खिडकीतून ओरडत होता, की माझं घर आहे, कोणी पाय टाकला तर बघा. परसातून एक भेग गेली होती, माझा हात खांद्यापर्यंत गेला असता. बंबाचा नायक म्हणाला, दार फोडायला माणसं पाठवायची तर त्यांचा जीव जाईल, अजून थोडा वेळ बघू.

मी पुढे गेले. नायक ओरडला, मी ऐकलं नाही. या वयात ऐकू येत नाही म्हणायची सोय असते. पायरीपाशी उभी राहून दाराला म्हणाले, फर्नां, मी ओदील. तुला बाहेर ये म्हणायला आले नाही. ऑक्ताव्हची मोरी उघडी होती की बंद, तेवढं सांग.

आतून म्हणाला, चालती हो.

तर मी पायरीवर बसले. पाठ दाराला लावून. म्हणाले, बरं, मग मी इथेच आहे. घर गेलं तर मीही जाईन, आणि मग तू वर जाऊन देवाला सांग, की ओदीलनेच मोरी बंद ठेवली होती.

खरं सांगते, धैर्य वगैरे काही नव्हतं. राग होता. इतका जुना राग होता की त्याच्यावर बसायला जागा झाली होती. खाली पायरी हलली, अगदी थोडी, झोपलेलं जनावर कूस बदलतं तशी. मी लोरेतकडे बघितलं, ती रस्त्यावर गुडघ्यांवर बसली होती. मी उठणारच होते, मारिएल. अजून एकदा हललं असतं तर उठलेच असते.

तेवढ्यात आतून आवाज आला, उघडी होती.

मी म्हटलं, मोठ्याने.

तो म्हणाला, उघडी होती! पाणी त्या मोरीतूनच वर यायचं. माझ्या वेळीही दोनदा आलं होतं. मला माहीत होतं. ऑक्ताव्हने काही चुकवलं नव्हतं. रडवेला नव्हता आवाज, चिडलेला होता, जणू मीच त्याला फसवून बोलायला लावलं. बंबावरच्या सगळ्यांनी ऐकलं. मादाम ऊलेतही आली होती, म्हणजे आता कॅनडाभर झालं असेल.

मग कडी निघाली. तो बाहेर आला. त्याच्याही पायांत बूट होते, आणि कोट घातलेला होता. म्हणजे तोही निजत नव्हता. मी त्याचा हात धरून त्याला रस्त्यापर्यंत आणलं. त्याने हात सोडवायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही.

घर दुपारी गेलं, लोक जेवत होते तेव्हा. आवाज फार मोठा नव्हता. बटाट्यांचं पोतं ओतावं तसा. उठून खिडकीशी गेले तर टेकाडावर नुसतं आकाश होतं.

तुझ्या आईला माझं प्रेम सांग, आणि तुझं मला असू दे.

तुझी
ओदीलमावशी

*

एडमंटन,
३ मे १९८५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. "उघडी होती" तिथे आईने मला परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग उठून बाबांचा फोटो आतल्या खोलीतून आणला आणि जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर लावला. इतकी वर्षं तो खणात होता, मला माहीतसुद्धा नव्हतं. खिळा मी ठोकला. वाकडा लागला, म्हणून तिने शिव्या दिल्या. खूप दिवसांनी दिल्या.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघी येतोय. राहायला नाही, आधी बाबांच्या कबरीपाशी. घराचं नंतर बघू, बघशील तूच.

आता एक विचारते, रागावू नकोस. तो पायरीवर आला होता. बोलून झालं होतं. बंबावरचे लोक लांब होते. तू उठून चालू लागली असतीस तर कोणी तुला बोल लावला नसता. त्याचा हात धरून त्याला रस्त्यापर्यंत का आणलंस? मी तुझ्या जागी असते तर आणलं नसतं. मला माझीच भीती वाटते म्हणून विचारतेय.

तुझा लोभ आहे म्हणून एवढं तरी लिहिता येतं.

तुझी
मारिएल

*

आँस-ओ-फ्रेन,
१५ मे १९८५

चि. मारिएलला अनेक आशीर्वाद.

ऑगस्टमध्ये या. लोरेतने वरची खोली तुमच्यासाठी रिकामी करायची ठरवली आहे, ती माझ्या खोलीत निजेल. ती आता अनवाणी निजते आणि घोरते. मला ते सोसावं लागतं, ही माझी शिक्षा समज.

तू विचारलंस त्याचं उत्तर. फादर म्हणतात, ओदीलने क्षमा केली. गावातले म्हणतात, ओदील मोठ्या मनाची. म्हणू दे. तुला खरं सांगते.

तो त्या घराबरोबर गेला असता तर सगळं गाव त्याला रडलं असतं. इथे मेलेला माणूस लगेच चांगला होतो. गिरणी बंद ठेवली असती, चर्चमध्ये उभं राहायला जागा उरली नसती, फादरने त्याच्या दानधर्मावर भाषण केलं असतं, आणि मला काळे कपडे घालून तिथे बसावं लागलं असतं. वर्षभरात कोणाला मोरी आठवली नसती.

आता तो भावाच्या घरी मागच्या खोलीत राहतो. रविवारी चर्चला येतो, यावंच लागतं. पायऱ्या चढताना लोक त्याला वाट देतात, बोलत कोणी नाही. परवा मास्तरची बायको बाळ घेऊन त्याच्या समोरून गेली. मुलगी झाली आहे, गुटगुटीत आहे. तो बाळाकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे.

तो पुष्कळ जगावा म्हणून मी रोज प्रार्थना करते. अगदी मनापासून करते.

ब्लांशला सांग, कबरीवरचं गवत मी कापून ठेवीन. तुम्ही दोघी येईपर्यंत माझ्यावरचा जीव जरा जास्तच ठेवा.

तुझी
ओदीलमावशी